शेवट बदललेला नाही

पुस्तकांचे खोके घरात येऊ लागले तेव्हा नवरा दारातच उभा राहून म्हणाला, "अगं, एवढं वाचणारी माणसं आहेत का आपल्याकडे?"

"आपल्याकडे नसतील. जगात आहेत," ती म्हणाली आणि टेम्पोवाल्याला मागची खोली दाखवली.

ती म्हणजे लेखिकाबाई. हे नाव तिला चष्म्याच्या दुकानात पडलं. तिथे ती दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं सरकवत "आता बरं दिसतंय की मघाशी?" असं विचारत असे. मालकानं नाव ठेवलं चिडवायला, हिनं घेतलं मिरवायला. बाई मुळातच हट्टी. एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायची नाही.

याआधी तिनं स्वतःच्या खर्चानं पाच प्रेमकथा छापल्या होत्या. दीडशे-दीडशे पानांच्या, गुलाबी कव्हरच्या. भेट, भांडण, गैरसमज, लग्न. त्या हातोहात खपल्या. पहिल्या पानावर तिचा मोबाइल नंबर छापलेला असे, त्यामुळे वाचकांचे फोनही यायचे. भाजी चिरता चिरता ती बोलायची आणि मग दिवसभर गुणगुणत असायची. पण तिचा जीव होता सहाव्या पुस्तकात. ते वेगळंच होतं. दोन राज्यांच्या मधून वाहणारी नदी, नदीच्या तळाशी झोपलेलं काहीतरी, आणि लोकांना पैलतीरी नेणारी एक नावाडीण. पलीकडच्या राज्यातल्या सैनिकावर तिचं प्रेम बसतं. तळाचं ते जागं होतं, नदी दोन्ही राज्यं गिळायला निघते, आणि शेवटच्या प्रकरणात नावाडीण आपली होडी घेऊन भोवऱ्यात उतरते. परत येत नाही.

तीन प्रकाशकांनी हस्तलिखित वाचलं. तिघेही म्हणाले, शेवट बदला, आम्ही छापतो. एकानं तर बदललेला शेवट लिहूनच पाठवला, लग्नासकट. लेखिकाबाईनं त्याला कळवलं, "तुमचं पुस्तक छान झालंय. तुमच्या नावानं छापा." आणि स्वतःचं स्वतः छापलं.

छापताना मात्र तिनं ती चूक केली जी पदरमोड करून पुस्तक काढणारा प्रत्येक जण करतो. शंभर प्रती काढल्या तर प्रत महाग पडते, पाचशे काढल्या तर स्वस्त. स्वस्त पडलेली प्रत घ्यायला माणसंही पाचशेच लागतात, हे खोके घरात आल्यावर कळतं. मागच्या खोलीत छतापर्यंत चळत लागली. पहिल्या महिन्यात जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती गेल्या. इंटरनेटवर एकानं एक तारा दिला आणि खाली लिहिलं, "वाचलं नाही. पाकीट फाटलेलं होतं."

मग नावाडणीसाठी पहिला फोन आला. लेखिकाबाईनं हात पुसून लगबगीनं उचलला.

"ताई, पैसे नव्या पुस्तकाचे घेतलेत आणि पाठवलंत जुनं?" पलीकडचे गृहस्थ चिडले होते. "कोणाचं तरी अर्धं वाचून झालंय की हे!"

तिनं माफी मागितली, दुसरी प्रत पाठवते म्हणाली, आणि एका बंद खोक्याची टेप कात्रीनं कापली. वरची प्रत उचलली. पुस्तकाच्या पाठीला, कण्यावर, सुरकुती होती. पुस्तक मधोमध बराच वेळ उघडं धरलं की पडते तशी. मधल्या एका पानाचा वरचा कोपरा दुमडलेला. तिनं दुसरी प्रत काढली. तिचाही दुमडलेला. तिसरीचाही, त्याच पानाचा. दुसरा खोका फोडला. तेच. नव्या पुस्तकांना डिंकाचा, शाईचा वास येतो. यांना येत होता तो एखाद्या माणसानं बराच वेळ बसून नुकत्याच सोडलेल्या खुर्चीचा.

तिनं छापखान्यातल्या बाइंडरला बोलावून घेतलं. जाडजूड, कानावर पेन्सिल अडकवलेला माणूस. आल्या आल्या तिनं त्याला फैलावर घेतलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एक प्रत उचलली, कण्यावरून अंगठा फिरवला, कोपरा उलगडून पाहिला.

"ताई, मशीन कापतं, शिवतं, चिकटवतं. कोपरा नाही दुमडत."

"मग कोण दुमडतं?"

"वाचणारा," तो म्हणाला. हात पँटला पुसले आणि समोर ठेवलेला चहा तसाच टाकून निघून गेला.

चष्म्याच्या दुकानातल्या बाईला एक खोड असते. समोरचा माणूस कागद डोळ्यांपासून किती लांब धरतो, हे ती आधी बघते. लेखिकाबाईनं खिडकीशी जाऊन पानं तिरकी धरली. मधोमध कागद किंचित फुगला होता. अगदी नाकाशी धरून वाचणाऱ्याच्या श्वासानं फुगतो तसा. दुमडलेल्या कोपऱ्याच्या पुढची पानं मात्र कोरी करकरीत होती.

दुसऱ्या दिवशी तो कोपरा सरळ झालेला होता आणि पुढच्या प्रकरणातला दुमडलेला होता. सगळ्या खोक्यांत, सगळ्या प्रतींत.

भीती वाटली, खोटं कशाला बोला? पण भीतीच्या खाली, लाज वाटावी असा आनंदही होता. कोणीतरी वाचत होतं! पाकीट बघून तारे देत नव्हतं, शेवट बदला म्हणत नव्हतं, निमूटपणे, एकेक प्रकरण, मन लावून वाचत होतं. ती रोज कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी मागच्या खोलीत डोकावायची. "आज कुठपर्यंत आलं?" म्हणत कोपरा शोधायची. सैनिक पहिल्यांदा होडीत बसतो त्या पानावर कोपरा दोन दिवस राहिला तेव्हा तर ती चक्क लाजली.

नवऱ्याला हे मुळीच रुचलं नाही. भूतबित मानणारा माणूस नव्हता तो, पण आता खोलीचं दार ओढून घेऊ लागला होता. इस्त्रीचं टेबल आत होतं. ते आणायला जाताना तो दारावर टकटक करायचा.

"आपल्याच घरात टकटक?" तिनं विचारलं.

"आत गेलं की कोणाच्या तरी मध्येच आलो असं वाटतं," तो म्हणाला. आणि शर्टाची बाही पुन्हा पुन्हा इस्त्री करत राहिला.

शेवटून दुसऱ्या प्रकरणात वाचन मंदावलं. एका वेळी एकच पान. मग ते थांबलं. कोपरा जागचा हलेना. लेखिकाबाईला कळलं की वाचणाऱ्याला पुढचं कळलं आहे. चांगल्या वाचकाला कळतंच.

आणि एके दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली, खोलीत गेली, आणि तिच्या हातातली पर्स खाली पडली. प्रत्येक प्रतीतलं शेवटचं प्रकरण नाहीसं झालं होतं. फाडलेलं नव्हतं, एक चिटोराही मागे नव्हता. कण्यापाशी स्वच्छ, जणू ती पानं कधी शिवलीच नव्हती.

संध्याकाळी नवरा खोक्यांसमोर बराच वेळ उभा राहिला.

"अगं, बदल ना तो शेवट," तो हळूच म्हणाला. "प्रकाशक तेच म्हणाले. मलाही तेच वाटलं होतं, बोललो नाही. आता हे जे काय आहे, तेही तेच म्हणतंय. सगळे खुळे आणि तू एकटी शहाणी?"

"हो," ती म्हणाली.

"खपेल तरी."

"लग्न लावून दिलं की खपेल, ठाऊक आहे मला. पाच वेळा लावलंय. पण ही गेली नाही तर नदी थांबत नाही. मग दोन्ही काठांवरची माणसं मी कशाला जन्माला घातली? तिनं होडी सोडली तेव्हा मी इथे बसून ढसाढसा रडलेय. माझ्यावर कोणी दया केली?"

ती बोलत होती नवऱ्याशी, पण तोंड खोक्यांकडे होतं.

शेवटचं प्रकरण सोळा पानांचं होतं. छापखान्यात सोळा पानं एकाच मोठ्या कागदावर छापून घड्या घालतात, त्याला फर्मा म्हणतात. लेखिकाबाईनं तेवढा एकच फर्मा पुन्हा छापून घेतला. पैसे प्रेमकथांच्या विक्रीतले. बाइंडर कुरकुरत आला, आणि तिघांनी मिळून जमिनीवर बसून पानं चिकटवली. दुसऱ्या दिवशी पानं गेलेली होती.

तिनं पुन्हा छापली.

या खेपेला बाइंडर दारातूनच डिंकाचा डबा देऊन परतला. "ताई, हात जोडतो. जे कोण आहे त्याच्या मनाविरुद्ध मी नाही जात." नवऱ्यालाही तिनं बाहेर घालवलं. रविवारची सकाळ होती, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. दिवसभर तिनं एकटीनं पानं चिकटवली. शेवटची प्रत झाली तेव्हा बोटं एकमेकांना चिकटत होती. मग ती उठली, सगळ्या खोक्यांची झाकणं सताड उघडली, मधोमध स्टूल ओढून बसली आणि एक प्रत हातात घेतली.

"ऐक," ती म्हणाली. "भल्याभल्यांनी सांगितलं तरी मी एक ओळ बदलली नाही. तुझ्यासाठीही बदलणार नाही. पण तुला एकट्यानं वाचावं लागणार नाही एवढं करते."

आणि तिनं शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं.

पहिलं पान संपलं. तिनं ते उलटलं. खोक्यांमधून हलकी सळसळ झाली.

पंखा बंद होता.

दुसरं पान. सळसळ. तिसरं. आवाज तिनं पडू दिला नाही. दर पानाला शेकडो पानं तिच्याबरोबर उलटत होती. जराशी मागून, नाइलाजानं.

होडी भोवऱ्याच्या कडेला आली.

नावाडणीनं वल्हं हातातून सोडलं.

 लेखिकाबाई वाचत राहिली. शेवटच्या पानाशी खोलीतली सळसळ थांबली. कोणीतरी श्वास आत ओढून धरावा तशी शांतता झाली.

"रडायचं तर रड," ती म्हणाली. "पानं पळवायची नाहीत."

सोमवारी पानं जागेवर होती. मंगळवारीही. फक्त प्रत्येक प्रतीतलं शेवटचं पान थोडं दमट लागत होतं.

पुढच्याच आठवड्यात पुस्तकांचं प्रदर्शन होतं. तिनं कोपऱ्यातला, स्वच्छतागृहाशेजारचा स्टॉल घेतला, कारण तोच परवडला. टेबलावर पुठ्ठा उभा केला आणि मार्करनं लिहिलं, "शेवट बदललेला नाही." लोक थांबायला लागले. "म्हणजे काय हो?" विचारायला लागले. ती हनुवटी वर करून म्हणायची, "म्हणजे घ्या आणि बघा." घेणारे दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आले. शेजारी मांडलेल्या, लग्न लावलेल्या पाची कथा तशाच पडून राहिल्या आणि नावाडणीच्या चळती उतरत गेल्या. नवरा टेम्पोतून उरलेसुरले खोके घेऊन आला, स्वतःच सुट्टे पैसे सांभाळत बसला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "आमच्या हिनं लिहिलंय." तिला आयुष्यात इतकं धन्य कधी वाटलं नव्हतं.

मागची खोली रिकामी झाली. नवऱ्यानं फरशी पुसून घेतली. टकटक बंद झाली.

मग फोन आला. भर दुपारी, ती दुकानात होती. मालक जेवायला गेले होते.

"ताई, नावाडणीच्या लेखिका ना तुम्ही?" बाईमाणसाचा आवाज होता, दबका. "शेवटच्या प्रकरणाला आलेय. फार सुंदर लिहिलंय हो. पण एक विचारू? हसणार नाही ना?"

"विचारा की."

"मी एकटी राहते. आणि पानावर एक हात आहे."

लेखिकाबाई स्टुलावर बसली.

"कसा हात?"

"साधाच. बाईचा. शेवटच्या पानावर पालथा ठेवलाय. वाचू देत नाहीये." "मिटून टाकू का पुस्तक?"

मिटा म्हणणं सोपं होतं.  लेखिकाबाईनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

"मिटायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही विकत घेतलंय, तुम्ही पुरतं वाचायचं. तिला सांगा, हात काढ. आणि मोठ्यानं वाचा. मी आहे फोनवर."

बाई पुटपुटल्या काहीतरी. मग म्हणाल्या, "काढला."

"वाचा."

बाई वाचू लागल्या. आवाज कापत होता, मग स्थिरावला. लेखिकाबाईला एकेक शब्द पाठ होता. तीही ओठांतल्या ओठांत म्हणू लागली.

दुसऱ्या वाक्याला तिच्या लक्षात आलं, पलीकडे दोन आवाज आहेत.

दुसरा खालच्या पट्टीतला होता. आणि तो बाईंच्या मागून येत नव्हता. अर्धा शब्द पुढे होता.

लेखिकाबाईनं फोन ठेवला नाही. तिनं आपला आवाज मोठा केला. तिघी मिळून भोवऱ्यापर्यंत आल्या. वल्हं सुटलं. होडी फिरली. शेवटचं वाक्य आलं, आणि ते होतं तसंच, शब्द न शब्द, तिघींनीही म्हटलं.

लेखिकाबाईनं डोळे पुसले. जिंकलो आपण, असं तिला वाटलं.

"वाचून झालं, ताई," बाई म्हणाल्या. "मिटलं मी पुस्तक."

त्या शेवटच्या वाक्यानंतर पुस्तकात फक्त मागचा पुठ्ठा आहे.

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला, आणि तो खालच्या पट्टीतला आवाज, अजिबात घाई न करता, पुढचं वाचू लागला.