कॉस्टेलो सरांचं नळकांडं

कॉस्टेलो सरांनी एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. पण दर्शनाने ती ओळखलीच!

"सर, हे निळं पाकीट सोमवारी त्या जाड्या पुस्तकात होतं. परवा पक्ष्यांच्या पुस्तकात होतं. आणि आज ह्यात! तुम्ही जे वाचता त्यात हे असतं."

"खूण म्हणून ठेवतो," सर पुटपुटले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा आधीच स्वच्छ होता.

जुलैची सुट्टी होती. दुबईजवळच्या अजमानमध्ये या दिवसांत दुपारी बाहेर पाऊल टाकलं की भाजून निघायला होतं. बिल्डिंगमधली निम्मी मुलं आपापल्या गावी गेली होती. इथेच असलेली तिघं रोज पाचव्या मजल्यावर सरांच्या घरी वाचायला जमत. आठवीतली दर्शना केळशीकर, तिचा सहावीतला भाऊ रोनित आणि शेजारच्या व्हिलातला हम्माद. बिल्डिंग हम्मादच्या आजोबांचीच होती. सर मूळचे आयर्लंडचे. इथल्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले आणि पुस्तकांसह इथेच राहिले. चौघांचं बोलणं इंग्रजी आणि हिंदीची खिचडी असे. केळशीकर भावंडं भांडत मात्र शुद्ध मराठीत.

"सर, पाकीट फोडलेलं आहे," रोनित म्हणाला, "म्हणजे वाचलंय. मग उत्तर?"

सरांनी पाकीट पुन्हा पुस्तकात सरकवलं.

"रोन्या, कोणाची पत्रं अशी विचारायची नसतात!" दर्शना ओरडली.

"तूच तर सुरू केलंस!"

सर हसले. मग त्यांनी पाकिटातला कागद काढून दर्शनाच्या हातात दिला. पत्र सरांच्या भावाच्या नातीचं होतं. तिचं नाव नीव, वय दहा. अक्षर मोठं आणि तिरकं होतं.

दर्शनाने मोठ्याने वाचलं. "आमच्या वर्गात सगळ्यांना आपापल्या आडनावाची गोष्ट सांगायची आहे. एक मुलगी म्हणाली, कॉस्टेलो हे आयरिश नाव नाहीच, तुम्ही बाहेरून आलेले लोक आहात. मला रडू आलं. हे खरं आहे का? आजोबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता घरात सांगणारं कोणी नाही. फक्त तुम्ही आहात."

दर्शनाने कागदाची घडी घातली.

"मला तर वाटायचं सर इटालियन आहेत," रोनित हळूच म्हणाला.

"पुष्कळांना वाटतं," सर म्हणाले.

"हे पत्र कधीचं आहे?" हम्मादने विचारलं.

"हिवाळ्यातलं." सरांचा आवाज बारीक झाला. "रोज लिहायला बसतो. पण मी चुकीचं सांगितलं तर? ती ते वर्गात सांगेल. माझ्या आईकडे एक कागद होता. आमच्या जुन्या कबरस्तानात एक दगड आहे. त्याच्यावर कागद धरून, मेणाचा खडू घासून आईने त्यावरची अक्षरं उतरवून घेतली होती. तो एकदा बघावा, खात्री करावी आणि मग लिहावं, असं चाललंय."

"मग बघा ना! कुठे आहे?"

"गच्चीवरच्या स्टोअरमध्ये. पत्र्याच्या नळकांड्यात."

"यल्ला, चला!" हम्माद उठलासुद्धा.

गच्चीवरचं स्टोअर म्हणजे भट्टीच! भाडेकरूंचं जास्तीचं सामान तिथे ओळीने ठेवलेलं होतं. सायकली, पाळणे, सुटकेसा. सरांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि ते तिथेच थबकले.

कोपरा रिकामा होता.

"इथेच होतं," ते म्हणाले. "की नव्हतं? कदाचित मीच दुसरीकडे..."

"इथेच होतं सर!" दर्शना गुडघ्यांवर बसली होती. जमिनीवर धुळीचा जाड थर होता. त्यात एक लांबट, अरुंद पट्टा मात्र लख्ख होता. "हे बघा. काहीतरी लांबडं इथे होतं, आणि ते नुकतंच उचललंय. नाहीतर पुन्हा धूळ बसली असती."

तिघं धडधडत खाली गेली. बिल्डिंगचं सगळं बघणारे सतीश काका लॉबीत मोबाइलवर मॅच बघत बसले होते. काका गुहागरचे. या बिल्डिंगवर ते नवीनच होते, आधीचा नातूर, म्हणजे रखवालदार, सुट्टीवर गेला तो परत आलाच नाही.

"काका, स्टोअरमधून कॉस्टेलो सरांचं नळकांडं कोणी नेलं का?"

"काय गो बाय, सुट्टीत माझं डोकं खायला आलीस?" काकांनी नजरसुद्धा वर केली नाही. "तुमच्या त्या कॉस्टेलो सरांचं सामान मी बघितलेलंच नाही. कॉस्टेलो असं लिहिलेलं काहीच नाही वर. असतं तर हात लावला असता का मी?"

"पण होतं ना काका!"

"नाय म्हणजे नाय. खलास!"

मुलं पुन्हा गच्चीवर गेली. सर सायकलीला टेकून घाम पुसत उभे होते. "जाऊ दे," ते म्हणाले. "आता उशीरच झालाय."

रोनितने मात्र सामानावरच्या चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली. जुन्या नातूरने जाड मार्करने लिहिलेल्या होत्या. "मिस्टर राजीव. मिस्टर बिलाल. मॅडम हेमा. ताई, आपली सुटकेस! 'मिस्टर नागेश'!"

"मग? बाबांचंच नाव आहे ते."

"अगं पण केळशीकर कुठेच नाही! एकाचंही आडनाव नाही!"

"इथे कोण आडनाव लिहितं?" हम्मादला यात काही विशेष वाटेना. "माझे आजोबाही सगळ्यांना असंच बोलावतात. मिस्टर नागेश. मिस्टर बिलाल."

दर्शनाने गर्रकन वळून विचारलं, "सर! तुमचं पहिलं नाव?"

"टॉमस."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरचे टॉमस अंकल! केरळचे! ते कालच नोकरी संपवून कायमचे घरी परतले होते. सकाळी त्यांचं उरलेलं सामान कार्गोवाले घेऊन गेले होते.

"सतीश काकांनी 'मिस्टर टॉमस' असं वाचलं," दर्शना म्हणाली, "आणि सरांचं नळकांडं केरळला पाठवून दिलं!"

कार्गोचं दुकान मागच्याच गल्लीत होतं. सर म्हणाले, "या उन्हात नको," पण तोवर मुलं जिन्यात पोहोचली होती. मग सरही टोपी घालून निघाले.

दुकानापुढे पांढरी व्हॅन उभी होती. खोकी चढवून झाली होती आणि ड्रायव्हर इंजिन सुरू करत होता. दुकान चालवणारे यूनुसभाई दारात उभे राहून हात हलवत होते. "चलो चलो, पोर्ट पे टाइम से पहुँचना है!"

"अंकल, थांबा!" दर्शना धापा टाकत म्हणाली. "टॉमस अंकलच्या सामानात आमच्या सरांची वस्तू गेलीय!"

"बेटा, पॅक झालं ते झालं. मालकाशिवाय मी दोरीसुद्धा सोडत नाही."

"पण त्या वस्तूचे मालक ते नाहीतच ना!"

"ते त्यांना विचारा. फोन करा." यूनुसभाई आत वळले. टॉमस अंकलचा इथला नंबर तर कालच बंद झाला होता!

व्हॅन हलली. तेवढ्यात रोनित ड्रायव्हरच्या खिडकीशी उड्या मारत ओरडला, "अंकल! मागचं दार चेक केलं का? हायवेवर उघडलं तर?"

ड्रायव्हर वैतागला. पण हायवेवर खोकी सांडायचा विचार कोणाला आवडेल? इंजिन बंद करून तो खाली उतरला आणि मागे आला. खात्री करून घ्यायला त्याने दार उघडलं. आत खोक्यांच्या वर, पडद्यांच्या दांड्यांचा गोणपाटात बांधलेला एक लांब भारा होता. त्यावर लिहिलं होतं, 'टॉमस, कोची'.

"रोन्या, जीनियस आहेस!" दर्शना कुजबुजली.

"हे मला लिहून दे."

तोवर यूनुसभाई पुन्हा बाहेर आले होते. दर्शनाने आवाज अगदी नम्र केला. "अंकल, एकच विचारू? तुम्ही प्रत्येक नगात काय आहे ते विचारून घेता ना? कस्टमसाठी?"

"अर्थात! तेवीस वर्षं धंदा करतोय."

"मग या भाऱ्यात काय काय आहे?"

"पडद्याचे रॉड. टॉमसने स्वतः सांगितलं."

"फक्त रॉड?"

"फक्त रॉड."

हम्मादने हात लांब करून भाऱ्यावर टिचक्या मारल्या. टक. टक. टक. आणि मग, ठण्ण!

"हा रॉड नाही," हम्माद म्हणाला. "आत पोकळ आहे. आणि जाड आहे. यूनुसभाई, कोचीला कस्टमवाल्यांनी विचारलं, 'यात काय आहे?' तर तुम्ही काय सांगणार?"

यूनुसभाईंनी भाऱ्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरकडे. ड्रायव्हरने खांदे उडवले.

"मी सांगू?" हम्माद गोड हसला. "'साहेब, मला माहीत नाही!'"

"कैंची ला!" यूनुसभाई ड्रायव्हरवर ओरडले.

गोणपाट सुटलं. दांड्यांच्या मधोमध पत्र्याचं नळकांडं होतं. त्याच्यावर चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली, 'मिस्टर टॉमस'. नेमके त्याच वेळी सर गल्लीच्या कोपऱ्यावरून येताना दिसले, लालबुंद झालेले, टोपी हातात घेऊन. नळकांडं पाहिलं आणि ते भररस्त्यात तसेच उभे राहिले.

यूनुसभाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मुलांकडे बघून मान हलवली. "तेवीस वर्षांत मला असं कोणी पकडलं नव्हतं!"

घरी आल्यावर सरांनी टेबल पुसलं. झाकण निघता निघेना. शेवटी हम्मादने चमच्याने उचकटलं. आतला कागद बाहेर ओढला तेव्हा चर्र असा आवाज झाला.

सगळ्यांचे चेहरे उतरले. गच्चीवरच्या उन्हाळ्यांनी मेण वितळून गेलं होतं. कागदाचे थर एकमेकांना चिकटले होते. सगळीकडे काळा चिखल पसरला होता, आणि वरच्या कोपऱ्यात तीनच अक्षरं उरली होती. एम, ए, सी.

"मॅक," सर वाचून म्हणाले. ते तिथेच खुर्चीत बसले. "संपलं. आता मी त्या पोरीला काय सांगू?"

"मॅक म्हणजे काय पण?" रोनितने विचारलं.

"मुलगा. अमक्याचा मुलगा."

"म्हणजे आमचं 'बिन'!" हम्माद म्हणाला. "हम्माद बिन राशिद."

"अगदी तेच!" सरांनी मान वर केली. "आमचं नाव होतं मॅक ओशदल्वी. ओशदल्वचा मुलगा. 'मॅक'मधला क पुढच्या नावाला चिकटला आणि बोलता बोलता कॉस्टेलो झालं. 'ओस' म्हणजे हरणाचं पाडस. हरणासारखा दिसणारा, असा अर्थ सांगतात. सगळ्यांना तो पटत नाही, म्हणून मी खात्रीने..."

"मग ती मुलगी खोटं बोलली! तुम्ही बाहेरचे नाहीच!" दर्शना म्हणाली.

"नाही, ती खरंच बोलली." सर आता पुढे सरकून बसले. "साडेआठशे वर्षांपूर्वी नॉर्मन सरदार समुद्रापलीकडून आयर्लंडमध्ये आले. लढत आले. त्यांच्यात आमचे लोक होते. तेव्हा त्यांचं नाव होतं 'द अँगुलो'. वेल्समध्ये अँगल नावाचं गाव आहे, तिथले ते."

"द म्हणजे तिथला?"

"हो, तिथला."

"ताई, 'कर'!" रोनितने टेबलावर हात आपटला. "केळशीचे ते केळशीकर! सर, तुम्ही अँगलकर!"

सरांना एवढ्या मोठ्याने हसताना मुलांनी कधी ऐकलं नव्हतं. "हो, अँगलकर! मग त्यांच्या घरात एक मुलगा झाला. आजूबाजूचे लोक त्याला आयरिश नावाने ओळखू लागले, ओशदल्व. आणि त्याची मुलं स्वतःला अँगलची म्हणेनात. शेजारपाजारचे लोक सांगत तसंच ती सांगू लागली. मॅक ओशदल्वी. आलेल्या नॉर्मन घराण्यांमध्ये 'मॅक' लावणारं आमचं घराणं पहिलं, असं मानतात."

"त्यांना कोणी सांगितलं होतं का, नाव बदला म्हणून?" दर्शनाने विचारलं.

"मला नाही वाटत. ती तिथेच जन्मली होती. अँगल त्यांनी पाहिलंही नसेल."

दर्शनाने त्या काळ्या कागदावरून बोट फिरवलं. तिचा जन्म अजमानचा. केळशीला गेलं की सगळे तिला 'दुबईवाली' म्हणत. इथे शाळेत विचारत, 'तू इंडियात कुठली?' दोन्हीकडे उत्तर देताना ती नेहमी थोडी अडखळायची.

"सर," ती हळूच म्हणाली, "तो कागद तर पुसला गेला. मग हे सगळं तुम्ही कुठून वाचलंत?"

सर थांबले. त्यांनी काळ्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुम्हाला सगळं आधीपासून येत होतं!" दर्शना म्हणाली. "हिवाळ्यापासून! सर, ती नीव वाट बघतेय. तिला रडू आलं होतं."

सरांनी चष्मा काढला. या वेळी तो खरंच पुसायची गरज होती. मग त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

सर लिहीत बसले तोवर बातमी खाली पोहोचली होती. सतीश काका सरबताचा जग घेऊन वर आले आणि दारातच कान पकडून उभे राहिले. "सर, माफ करा. पोरांनी लाज राखली माझी. दर्शे, आता तूच सांभाळ बिल्डिंग!" संध्याकाळी हम्मादचे आजोबाही आले. नातवाच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "शाबास! भाडेकरूचं सामान म्हणजे माझी अमानत. तुम्ही तिघांनी माझी मान वर ठेवली." मग त्यांनी सरांना आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, "मिस्टर टॉमस, तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"पॅट्रिक."

"टॉमस बिन पॅट्रिक," आजोबा समाधानाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं पोस्टात गेली. पाकिटावर तिकीट लागलं. पेटीच्या फटीशी सर पुन्हा घुटमळले.

"हरणाच्या अर्थापुढे मी 'कदाचित' लिहिलंय ना? की परत उघडून..."

"लिहिलंय सर. तीनदा लिहिलंय," दर्शना म्हणाली. "आणि शेवटी काय लिहिलंय?"

"की आपण बाहेरून आलो, हे खरं आहे. आणि आपण तिथलेच आहोत, हेही खरं आहे." सर जरा थांबले. "तिथे मात्र 'कदाचित' लिहिलेलं नाही."

"मग सोडा ना!" रोनित आणि हम्माद एकदम ओरडले. रांगेतले लोक वळून बघायला लागले.

सरांनी बोटं सैल केली. पाकीट पेटीत पडल्याचा हलकासा आवाज आला.