चौथा ठोका

सुरुवातीला एवढंच होतं, की गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. धावताना काही नाही. थांबली की स्टिअरिंगवरून बारीक कंप हातात चढायचा, आणि कान देऊन ऐकलं की तीन ठोके नीट पडून चौथ्याच्या जागी नुसती पोकळी. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. तिच्या आलं, कारण मोजत राहणं आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

ती मोजायची ते लेकीचे श्वास. ठमी अडीच वर्षांची आणि छातीने नाजूक. वर्षभरात दोनदा असा दम लागला होता, की ओठ जांभळासारखे झाले होते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, झोपेत मिनिटाला चाळीसच्या आत असतील तर ठीक, वर गेले तर निघायचं. तिने त्यासाठी वहीच घातली. तारीख, वेळ, आकडा. दवाखाना बारा किलोमीटरवर, आणि नवरा जहाजावर. रेंज मिळेल त्या रविवारी त्याचा फोन यायचा. तिची सगळी मदार त्या जुन्या गाडीवर. भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हायला नको, म्हणून दुसऱ्याच दुपारी तिने पेंगुळलेल्या ठमीला मागच्या सीटवर बांधलं आणि गाडी गॅरेजात नेली.

गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड. आत ऑइलचा आणि तापल्या रबराचा वास. मिस्त्री साठीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, माणसांपेक्षा बॉनेटशी जास्त बोलणारा.

गाडी म्हातारी झालीय, एखादा दात हलणारच, असं म्हणून त्याने बॉनेट उघडलं. इंजिन चालूच ठेवायला सांगितलं.

"हे बघा ताई, चार सिलिंडर. एकेकाची वायर काढून बघतो. काढल्यावर इंजिन अडखळलं, तर तो कामाचा. काढूनही ज्याचा काही फरक पडत नाही, तो मेलेला."

हे तिला उगीचच कुठेतरी लागलं. गेले तीन रविवार फोन आला नव्हता.

पहिली वायर काढताच इंजिन धडपडलं. दुसरीला तसंच, तिसरीला तसंच. चौथी निघाली तरी इंजिन आपलं होतं तसंच चालत राहिलं. सापडला चोर, म्हणत त्याने त्या सिलिंडरचा प्लग काढून दाखवला. कोळशासारखा काळा. नवा बसवला, वायर पुसून जागच्या जागी लावली आणि पुन्हा चावी फिरवली.

इंजिन लोण्यासारखं चालू लागलं. थरथर नाही, पोकळी नाही. तिचा जीव भांड्यात पडला. मागचं दार उघडून ती ठमीशेजारी टेकली आणि सवयीने नजर तिच्या छातीवर गेली.

एक, दोन, तीन.

मग छाती वर आलीच नाही. एका श्वासाएवढा वेळ गेला, आणि पुन्हा एक, दोन, तीन.

चेहरा शांत होता. घरघर नव्हती, धाप नव्हती. फक्त दर चौथा श्वास जागेवर नव्हता.

तिने इंजिन बंद करायला सांगितलं. पाठोपाठ शेडमध्ये शांतता झाली आणि ठमीची छाती संथ, सलग हलू लागली. तिने पुन्हा चालू करायला सांगितलं. एक, दोन, तीन. पुन्हा बंद. कॉलेजात प्रयोगशाळेत तिला शिकवलं होतं, एकदा दिसलं ते खरं मानायचं नाही. तिने तीनदा करून पाहिलं. मिस्त्री आधी हसला. सगळ्या आया अशाच, आमची बायको तर पोरं तिशीला आली तरी झोपेत त्यांना हात लावून बघते, म्हणाला. तिसऱ्या वेळी मात्र तो आपणहून मागे आला, वाकला आणि हाताची स्वच्छ पाठ ठमीच्या नाकाखाली धरून बराच वेळ तसाच राहिला.

मग तो पुढे गेला आणि त्याने चौथी वायर उपसली. इंजिन लंगडू लागलं. ठमीचा श्वास भरून निघाला.

"ताई, तीन सिलिंडरवर ही घरापर्यंत जाईल," वायर फडक्यात गुंडाळत तो म्हणाला.

"आणि पुढे?"

"पुढचं मला विचारू नका."

तीन आठवडे तिने गाडी तशीच लंगडत चालवली. अखेर नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणून तो हसला, आणि त्या हसण्यातच रेंज गेली. पण उद्या नवरा आला आणि त्याने हौसेने दुरुस्त करून आणली तर? कुणा शेजाऱ्याने मदत म्हणून बॉनेट उघडलं तर? या विचाराने तिची झोप उडाली. तिने टॅक्सीवाल्यांचे तीन नंबर भिंतीवर लिहिले आणि मिस्त्रीला कळवलं, की गाडी विकायची नाही, मोडायची. त्याने ओळखीचा भंगारवाला पाठवला. टेंपोमागे दोराने ओढत गाडी गल्लीतून गेली, तेव्हा ठमीने तिच्या कडेवरून टाटा केला.

अकरा दिवसांनी, सकाळी नऊ दहाला, ठमी तिच्या मांडीवर बसून चित्रांचं पुस्तक उलटत होती. आईचा हात तिच्या पाठीवर होता. तळव्याखाली एक, दोन, तीन, आणि मग काहीच नाही.

नऊ पंचेचाळीसला ते थांबलं. संध्याकाळी सहा पाचला पुन्हा लागलं, सहा चाळीसला संपलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळा. शनिवार, रविवार कोरे. डॉक्टरांनी दुपारी तपासलं. छाती स्वच्छ होती. मुलीचं सोडा, तुम्हीच जरा झोपा, म्हणाले. वहीतल्या वेळा कसल्या आहेत ते तिला पहिल्याच दिवशी उमगलं होतं. मान्य करायला चार दिवस लागले.

ती गॅरेजात गेली. मिस्त्रीने तिच्यासमोर भंगारवाल्याला फोन लावला. इंजिन इतकं देखणं, एक वायर काय ती नव्हती, मोडायला हात धजला नाही, असं तो पलीकडून म्हणाला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे गेली होती. आता कुठल्या गावात आहे, कोण जाणे.

"मी त्याला बजावलं होतं, ताई," मिस्त्री म्हणाला, आणि मुळात स्वच्छ असलेले हात पुसत राहिला.

मग ती गाडी चालवणाऱ्या त्या अनोळखी माणसाला ओळखू लागली. सोमवारी त्याला निघायला उशीर व्हायचा. वाटेत नऊ बावीसला तो दोनेक मिनिटं थांबायचा. बहुतेक कुणाला तरी शाळेत सोडत असावा. बुधवारी परतायला वेळ लागायचा. नवरा कधी उठतो, कधी जेवतो हे तिला ठाऊक नव्हतं. याचं मात्र मिनिटामिनिटाचं ठाऊक होतं. पस्तिसाव्या मिनिटाला ठमीच्या नखांवर निळसर झाक येऊ लागायची आणि तो कामावर पोचला, की दहा मिनिटांत नखं पुन्हा गुलाबी. पस्तीस मिनिटं पोर सोसत होती. त्यापुढचं तिला माहीत नव्हतं.

सलग तीन दिवसांची सुट्टी आली. शनिवारी तो बाहेर पडायचा नाही, या भरवशावर ती निवांत होती.

सकाळी साडेसहाला सुरू झालं.

सात वाजून पाच मिनिटं झाली. थांबलं नाही.

सव्वासातला ओठ बदलले. तिने टॅक्सी बोलावली.

दवाखान्यात मास्क लावला, वाफ दिली. डॉक्टर नळी कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकत होते आणि त्यांना काही सापडत नव्हतं. ठमी डोळे अर्धवट मिटून आईचं बोट धरून पडली होती. तो आता किती लांब आला असेल, मागे पोरं गात असतील का, हे मनात येऊ नये म्हणून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

आठ वीसला श्वास सलग झाला. पाहता पाहता गालांवर रंग आला. नर्सने मास्क काढला. डॉक्टर पहिल्यांदाच हसले.

"आली बघा ताळ्यावर. आता काही काळजी नाही."

तिने तळवा ठमीच्या पाठीखाली सरकवला. आठ पंचवीस. आठ सत्तावीस. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

आठ एकोणतीसला तळव्याखाली चौथा श्वास आला नाही.

त्याने टाकी भरून घेतली असणार.