‘जातो’ म्हणायचं नाही

जुन्या स्कूटरच्या सांगाड्यात मी भलीमोठी इलेक्ट्रिक मोटर बसवली, बॅटरी जोडली, रंगही स्वतःच मारला. गाडी देखणी झाली. फक्त मूठ केसभर पिळली, की गाडी पुढे आणि मी जिथल्या तिथे!

बायकोच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. व्यायामासाठी तिला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि एक झटका बसला असता तरी सगळं मुसळ केरात. “त्या राक्षसावर मी बसायची नाही,” तिने सांगून टाकलं.

कीर्तनात बुवा निरूपणातून गाण्यात शिरताना टाळ कसे अलगद उचलले जातात, तशी गाडी सुटायला हवी होती. म्हणून मेहुण्याला बोलावलं. तो लिफ्टच्या मोटरी दुरुस्त करतो. त्याने कंट्रोलरला लॅपटॉप जोडला, सुरुवातीचा करंट निम्म्यावर आणला, वेग हळूहळू चढेल अशी सेटिंग केली. स्टँडवर चाक लोण्यासारखं फिरलं.

मी हेल्मेट चढवलं, दारातल्या बायकोला म्हटलं, “बरं, जातो,” आणि थेट शेजारच्या कुंपणात.

“दाजी, तारा ठीक आहेत,” मला काट्यांतून सोडवत मेहुणा म्हणाला. “तुमचाच हात जड आहे.”

त्याने सेटिंग बदलली. पुन्हा कुंपण. आणखी बदलली. आणखी कुंपण.

“भाऊजी,” शेजारीण म्हणाली, “फाटकातून आलात तरी चालेल हो.”

पुढच्या खेपेला मी “जातो” म्हणताच बायको करवादली, “जातो काय, जातो! येतो म्हणावं माणसाने.”

“येतो,” मी म्हटलं.

सायीवरून बोट फिरावं तशी गाडी निघाली.

मेहुणा पोट धरून हसला. मग स्वतः बसला. “येतो” म्हणाला आणि कोपऱ्यापर्यंत सुखरूप जाऊन आला. मान ताठ करून “जातो” म्हणाला.

“आता तुम्ही का?” शेजारणीने विचारलं.

त्यानंतर तो हसला नाही. सीट उघडून बराच वेळ खाली काहीतरी करत बसला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला मागे बसवलं, रिकाम्या घराला “येतो” म्हटलं, आणि दवाखाना गाठला. सिग्नल, खड्डे, चढ. एक झटका नाही. येताना ती चक्क गुणगुणत होती.

मेहुणा आमच्या पायरीवर बसला होता.

“दाजी, कशावर गेला होतात?”

“गाडीवर. का रे?”

त्याने खिशातून तारेचा तुकडा काढला. “मुठीची तार आहे ही. कालच तोडून नेली, कुणी गाडी चालवू नये म्हणून.”

“बरं झालं की,” बायको म्हणाली. “मूठ पिळायचा त्रास वाचला.”

कुणीच हसलं नाही.

मी सवयीने गाडी स्टँडवर लावली, चार्जिंगसाठी बॅटरी बाहेर काढली. मेहुण्याने घाम पुसला, चपला शोधल्या.

“बरं ताई, मी जातो.”

म्हणाला आणि जीभ चावली.

बायकोने माझा दंड घट्ट धरला.

बॅटरी माझ्या हातांत होती. अजून कोमट.

गाडीचं हँडल अगदी अलगद, टाळ उचलावेत तसं, त्याच्याकडे वळलं.