नेल्सनचा उजवा डोळा

रविना चपला न काढताच आत आली, तेव्हाच काहीतरी घडलंय हे धनेशने ओळखलं. त्याची ही भाची तशी शिस्तीची. नौदलात निवड झाल्यापासून तर चहाचा कपही ती हुकूम आल्यासारखा उचलायची.

"मामा, माझ्यावर चोरीचा आळ आलाय," ती म्हणाली. "पेठेसरांच्या कपाटातलं एक पत्र चोरीला गेलंय. त्यांचे पुतणे देवानंददादा पाच वाजता पोलिसांत तक्रार देणार आहेत. आणि उद्या माझी चारित्र्य पडताळणी आहे."

 तक्रारीत नाव आलं की पुढचं सांगायला कोणी शहाणा लागत नाही. जामसरच्या पाड्यावरून धावत धावत ही पोर नौदलापर्यंत पोचली होती, आणि आता एका कागदापायी सगळं पाण्यात!

"आधी बस," जयश्री भोये म्हणाली.

पोलिसातली नोकरी सोडून जयश्रीने जव्हारच्या स्टँडासमोर हे तपासाचं ऑफिस थाटलं होतं. वीटभट्टीवर गेलेला माणूस परतला नाही की पाड्यांवरची माणसं तिच्याकडे येत. धनेश तिची जीप चालवायचा, आणि विचार करायलाही मदत करायचा. म्हणजे असं त्याचं मत. जयश्रीने त्याला कधी दुजोरा दिलेला नव्हता.

"कसलं पत्र?"

"नेल्सनचं. इंग्रजांचा तो मोठा आरमारी सेनापती. सर वीस वर्षं त्याचं चरित्र लिहितायत. गेल्या वर्षी मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना त्याच्या हातचं पत्र मिळालं. रविवारी सरांचा सत्कार आहे, मुंबईहून जाणकार येणार आहेत, तेव्हा ते सगळ्यांना दाखवायचं होतं. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक सरांकडे, एक माझ्याकडे."

"तुझ्याकडे का?"

"मी पुस्तकाची साफ प्रत लिहून देते ना. सोमवारी शेवटची गेले होते. त्या दिवशी सरांचं काहीतरी बिनसलं होतं. नेल्सनचा उजवा हात कापला ते प्रकरण चाललं होतं. मी सहज विचारलं, 'सर, हे सतराशे सत्त्याण्णवच्या जुलैत ना?' सरांनी वहीच मिटली. मग म्हणाले, आज पुरे, घरी जा."

जयश्रीने चहा अर्धाच ठेवला. "जीप काढ, धनेश."

पेठेसर खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसले होते. सत्तरी ओलांडलेला हा माणूस धनेशलाही इतिहास शिकवून गेला होता. मुलं माघारी त्यांना नेल्सनसर म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं. आज मात्र सरांनी मान वर केली नाही.

बोलला तो त्यांचा पुतण्या देवानंद. "पोरगी गुणाची, मान्य. पण सोमवारी सकाळी मी स्वतः पत्राचा फोटो काढला. मग ही येऊन गेली. काल बुधवारी कपाटातली पत्राची पेटी उघडतो तर रिकामी! दुसरं कोण असणार?"

"फोटो दाखवा."

देवानंदने मोबाइल पुढे केला. पिवळट कागद, वरती तारीख, वीस फेब्रुवारी १७९७. खालची अक्षरं मागच्या बाजूला कललेली, जराशी वेडीवाकडी.

"उजवा हात गेल्यावर तो डाव्या हाताने लिहायला शिकला. हे तेच वळण! काकांनी एकेक अक्षर ताडून पाहिलंय." देवानंदने मोबाइल परत घेतला. "आयुष्यभर लोक काकांना हसले हो. आता कुठे मान मिळायची वेळ आली, तर ही पाळी."

धनेशला त्याचा राग करायचा होता, पण धड करता येईना.

कोपऱ्यात सत्काराचा फलक टेकवलेला होता. त्यावर नेल्सनचं चित्र, एका डोळ्यावर काळी पट्टी. जयश्रीने विचारलं, "हे कोणी बनवलं?"

तेवढ्यात पेठेसर ताडकन उठले. "पट्टी! शंभरदा सांगितलं, त्याने जन्मात पट्टी बांधली नाही! डोळा दिसायला धडधाकट होता, फक्त दिसत नव्हतं त्यातून!"

"अहो काका, डावा डोळा गेला होता ना त्याचा? मग पट्टी दाखवली तर काय बिघडलं?"

"उजवा, गाढवा, उजवा!" एवढं बोलून सर पुन्हा खुर्चीत बसले, आणि त्यांच्यातला जोर ओसरला.

जयश्री खिडकीपाशी गेली. गजांना एक नवाकोरा मुखवटा टांगला होता. गोरा चेहरा, लांब नाक, डोक्यावर आरमारी टोपी. त्याच्या एकाच डोळ्याच्या भोकातून बाहेरचा उजेड आत येत होता.

"हा यंदाच्या बोहाड्याच्या जत्रेत नाचणार," देवानंद म्हणाला. "देवांची सोंगं झाली की गमतीची निघतात ना, त्यात. काकांची हौस. जामसरच्या बारक्याने केलाय. आणून दिला तेव्हा तोही इथे थोडा वेळ एकटाच होता म्हणा."

"सर," जयश्रीने विचारलं, "पत्र रविनाने घेतलं असेल असं तुम्हाला वाटतं?"

सरांच्या ओठांची हालचाल झाली. "मला काही सुचत नाही," ते म्हणाले.

दाराशी उभ्या रविनाने ते ऐकलं. आळ आला तेव्हा न रडलेली पोर आता तोंड फिरवून उभी राहिली. धनेशच्या जिवाची नुसती तगमग झाली.

साडेतीन वाजले होते. जामसरच्या रस्त्यावर त्याने जीप अशी हाणली की जयश्रीला दोन्ही हातांनी धरून बसावं लागलं.

बारक्या अंगणात चिंचोक्याची खळ ढवळत होता. भोवती रद्दीचे तुकडे, मातीचे साचे, अर्धे सुकलेले मुखवटे. कागदावर कागद चिकटवायचा, उन्हात सुकवायचा, मग रंगवायचा. त्याच्या बापानेही जन्मभर हेच केलेलं.

"पत्र? मला वाचता कुठं येतं, बाय!" तो म्हणाला. "मंगळवारी दुपारी सोंग नेऊन दिला. गुरुजींनी पानी दिला, मी पिला नि आलो."

"चांगला झालाय मुखवटा. पण एका डोळ्याने नाचणाऱ्याला दिसणार कसं?"

बारक्याचा हात थांबला. "एक डोळा? दोनी डोळं मी कोरून दिलं! बंद डोळ्याचा सोंग माझ्या घरातनं जात नाय. सोंगाला दिसला नाय तर नाचणारा तोंडावर पडंल. आमच्यात तसा करीतच नाय."

"आणि दिलेल्या मुखवट्याला कोणी चिरलं, फाडलं तर?"

"कोन फाडंल? एकदा रंगून डोळं लिवलं की त्याला कोनी हात लावत नाय."

जयश्रीने घड्याळात पाहिलं. "मागे फिर, धनेश."

"मिळालं काही?"

"मिळालं. मिळालं नसतं तर बरं झालं असतं."

ते परतले तेव्हा पाचाला वीस मिनिटं होती. देवानंद तक्रारीचा कागद खिशात घालून दारातच उभा होता. जयश्रीने त्याला आत बसवलं, खिडकीतला मुखवटा काढला आणि पेठेसरांसमोर टेबलावर ठेवला.

"पत्र यात आहे," ती म्हणाली. "उजव्या डोळ्यामागे."

देवानंद झेपावला. तिने त्याला हातानेच थांबवलं.

"बारक्याने मुखवटा दिला मंगळवारी दुपारी, दोन्ही डोळे उघडे ठेवून. इथे मात्र एकच उघडा आहे. म्हणजे दुसरा याच घरात, मंगळवारी दुपारनंतर बंद झाला. रविना सोमवारनंतर इथे फिरकलेली नाही. ती सुटली."

धनेशने रविनाकडे पाहिलं. 

"मग मीच उरलो की!" देवानंद म्हणाला.

"तुम्ही नाही. तुम्हाला वाटत होतं डावा डोळा गेला. बंद केलाय उजवा, म्हणजे खरा आंधळा डोळा कोणता हे ठाऊक असलेल्याने. आणि तुम्हाला ते पत्र रविवारी मिरवायचं होतं, लपवून काय करणार?"

"पण काका कशाला स्वतःचंच..."

"फोटोतली तारीख बघा. फेब्रुवारी सत्त्याण्णव. आणि उजवा हात गेला जुलैत. हात शाबूत असताना माणूस डाव्या हाताने कशाला लिहील?"

देवानंद मोबाइलकडे बघत राहिला. धनेशला समजायला थोडा वेळ लागला, नेहमीसारखाच.

"पत्र बनावट आहे. सरांनी अक्षराचं वळण तपासलं, तारीखही पाहिली, पण आनंदात दोन्ही जोडून पाहिलं नाही. सोमवारी रविनाने साधा प्रश्न विचारला आणि सरांना सगळं दिसलं. जाणकारांसमोर फजिती होण्यापेक्षा पत्र हरवलेलं बरं, असं वाटलं असेल. जे मुखवटे कोणी फाडत नाही, त्यातलाच एक घरात आयता आला. पण सर, नेल्सनचा डोळा दिसायला धड होता हे जन्मभर सांगणाऱ्या माणसाच्या घरात त्याचा डोळा बुजलेला? तिथेच मला खटकलं."

 पेठेसरांनी मुखवटा उलटा केला आणि नखाने आतला कागद सोलायला सुरुवात केली. खळ पुरती सुकली नव्हती. घडी घातलेलं पत्र अलगद हातात आलं.

"जाळायला गेलो होतो," ते म्हणाले. "हात धजावला नाही. वाटलं, चार दिवस शोधतील, विसरतील. पोरी, तुझं नाव निघेल असं मनातही नव्हतं. आणि निघालं तेव्हा..." त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "समुद्रही न पाहिलेल्या पोरांना मी नेल्सनचं कर्तव्य शिकवलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा तोंड उघडलं नाही. लाज वाटते मला."

देवानंदने खिशातला कागद काढून फाडला. मग रविनाकडे वळून त्याने हात जोडले.

रविनाचे डोळे भरले होते, राग होता तो. तो तिने लपवला नाही. "काल तुम्ही 'हिने घेतलं नाही' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, सर. मी रात्रभर त्याचीच वाट पाहिली."

"हो," सर म्हणाले.

 धनेशला वाटलं, आता ही निघून जाणार, आणि गेली तरी हिला कोण दोष देईल? पण रविनाने स्टूल ओढलं, कपाटातून साफ प्रत काढली, शेवटच्या प्रकरणाचं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"सांगा सर. लिहून घेते."

पेठेसर सांगू लागले. "लिही. लेखकाने एक बनावट पत्र खरं मानलं होतं. ते खोटं असल्याचं तारखेवरून ध्यानात आणून दिलं, ते त्याची विद्यार्थिनी, जामसरची रविना वातास हिने. ते कळूनही लेखक गप्प राहिला, आणि चोरीचा आळ तिच्यावर आला."

पेन थांबलं. "सर, शेवटचं वाक्य पुस्तकात कशाला?"

"लिही," पेठेसर म्हणाले. "रविवारी तेच वाक्य मी सगळ्यांसमोर आधी वाचणार आहे."

रविनाने लिहिलं. खाली तारीख घातली, ती पुन्हा एकदा तपासली, आणि सहीसाठी वही सरांपुढे सरकवली.