टाकी नसलेली गाडी

"मावशी!" भिंगरीने किंकाळी फोडली. हेल्मेटवाला माणूस पहार घेऊन मागच्या दाराने पसार झाला. मावशी मनगट आवळून कळवळत होती आणि तिची विजेवर चालणारी मोटरसायकल चेचलेली पडली होती. सुट्टीत मावशीच्या गॅरेजमध्ये मजा करायला आलेली भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू तिच्याकडे धावले.

बोलावून आणलेले हवालदारकाका मात्र जांभई देत म्हणाले, "गाडी घसरली असेल! भरदिवसा कोण मारायला येतंय?"

शेजारच्या गॅरेजचे मिस्त्रीकाका चहा घेऊन धावत आले. "ताई, या खेळण्यांचा नाद सोडा! उद्याच्या चाचणीला माझी पेट्रोलची गाडी जाईल."

रक्ताच्या पिशव्या पोचवायला इस्पितळ एकच गाडी निवडणार होते. त्यासाठी मावशी वर्षभर राबली होती आणि आता तिच्याकडे एकच धड गाडी उरली होती. भिंगरीला रडूच फुटले. मग तिने डोळे पुसून मोडकी गाडी निरखली.

"ढब्बू, सगळे घाव टाकीवर घातलेत बघ!"

"हिला टाकी कुठाय? तिथे मावशीचा जेवणाचा डबा असतो!"

"तेच तर! ज्याचा जन्म पेट्रोलमध्ये गेलाय, तोच डब्याला टाकी समजून बडवणार. आणि तो दुसऱ्या गाडीसाठी परत येणार!"

दुपारी मावशी प्लास्टर घालायला गेली. भिंगरीने दुसरी गाडी भिंतीकडे तोंड करून बाकाला टेकवली आणि चावी फिरवली. गाडीने हूं की चूं केले नाही. मग पाना घेऊन ती आणि ढब्बू लपून बसले.

धाडकन दार उघडले. तोच हेल्मेटवाला! पहिल्याच घावात कपाटाची काच फुटली. कपाटामागे लपलेला ढब्बू ओरडला, तशी हेल्मेटवाल्याने त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आदळले. ढब्बूच्या ओठातून रक्त आले.

भिंगरीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने हातातला पाना भिरकावला. तो हेल्मेटवर खणकन बसला!

"थांब कार्टे!" तो पहार उगारून धावला. वाटेत गाडी आडवी आली. ती बाजूला ओढायला त्याने हँडल धरले आणि मूठ करकचून पिळली.

गाडीने झेपच घेतली! त्याला फरफटत नेऊन तिने भिंतीवर आपटले. पहार एकीकडे, हेल्मेट दुसरीकडे, आणि मधे नाक फुटलेले मिस्त्रीकाका!

"बंद... बंद होती की!" ते विव्हळले.

"आवाज नाही म्हणजे बंद नाही, काका!" भिंगरी म्हणाली.

गलका ऐकून हवालदारकाका धावले. तेवढ्यात इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंसोबत मावशीही परतली. तिने धड हाताने दोघांना कवटाळले. "गाडी गेली चुलीत! तुम्हाला काही झालं असतं तर?"

"शाब्बास, पोरांनो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताई, हात बरा होऊ द्या. चाचणी तुमच्यासाठी थांबेल."

हवालदारकाका ओशाळले. निदान काहीतरी मदत करावी म्हणून त्यांनी पडलेली गाडी उचलली आणि मूठ धरली.

"काका!" भिंगरी, ढब्बू, मावशी आणि नाक दाबून बसलेले मिस्त्रीकाकासुद्धा एकदम ओरडले, "हात काढा! गाडी चालू आहे!"