वैनगंगेच्या पुलावरची मूठ

"ठेव तो पेला तिथंच! तुह्या हातचं पाणी आता या घरात कोणी पिणार नाही!"

मैनाबाईंचा आवाज एवढा चढला, की पौर्णिमेच्या हातातल्या पेल्यातलं पाणी तिच्याच पायावर सांडलं. भरवेलीच्या खदान कॉलनीतलं ते दोन खोल्यांचं क्वार्टर... दुपारचे तीन वाजले होते, गोंदियाच्या दवाखान्यात सासऱ्यांना किरणांचा शेक देऊन ती नुकतीच परतली होती, पायातल्या चपलाही अजून निघाल्या नव्हत्या. आणि समोर सासू उभी होती, डोळ्यांत अंगार घेऊन!

"काय झालं, आत्याबाई?"

"काय झालं ते मलेच इचारतेस? डाक्टर काय म्हणला, ते हेमराजनं सांगतलं मले."

पौर्णिमेनं नवऱ्याकडे पाहिलं. स्टेशनवरून बापाला मोटरसायकलवर बसवून तो तिच्या आधीच घरी पोचला होता. हेमराज आज पहिल्यांदाच सुट्टी काढून सोबत आला होता. त्याच्यासमोरच डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. एकोणीस शेक झाले, तरी गाठ हवी तशी मऊ पडत नव्हती. "गोळी रोज वेळेवर देता ना?" असं डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, एकदा नव्हे, दोनदा.

सासऱ्यांच्या, महागूंच्या घशात कर्करोगाची गाठ होती. शेक पस्तीस घ्यायचे होते आणि प्रत्येक शेकाच्या बरोबर दीड तास आधी एक मोठी पांढरी गोळी. गाठीच्या आत जिथं रक्त नीट पोचत नाही, तिथला भाग दगडासारखा हट्टी होतो, नुसत्या किरणांना दाद देत नाही. ही गोळी त्याला हळवा करते आणि मग शेक आतपर्यंत लागतो, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. तीस वर्षं खदानीत ब्लास्टरचं काम केलेले महागू तेव्हा खुदकन हसले होते. "समजलं, साहेब. होल पाडून बारूद भरली, तरच दगड फुटते. बारूद वरूनच उडवली त नुसता आवाज होते!"

"गोळ्या कोणापाशी राहतात? तुह्यापाशी. आगगाडीत कोण देते? तू," मैनाबाई एकेक बोट मोडत होत्या. "मंग गाठ काहून तशीच आहे? शेजारची रुख्माबाई सांगे, मी आयकलं नाही. माणूस नौकरीत असताना गेला, त त्याची नौकरी कोणाले भेटते? तुह्या नवऱ्याले! दोन वर्षं राह्यले यायच्या रिटायरले... तेवढाही दम निघाला नाही तुले?"

कॉलनीत ही समजूत सर्वांचीच होती. कामावर असताना माणूस गेला, की घरातल्या एकाला लावून घेतात. हेमराज ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता. आज काम, उद्या नाही. पण म्हणून...! पौर्णिमेचं अंतःकरण जणू विदीर्ण झालं. ती एकच शब्द ऐकायला व्याकूळ होऊन हेमराजकडे पाहत राहिली. तो मोटरसायकलची चावी बोटावर फिरवत होता. फिरवतच राहिला...

खाटेवर पडलेल्या महागूंनी तर सगळंच ऐकलं होतं. रोज तिच्याच हातून गोळी घेणारे ते! त्यांनी एवढंच म्हणावं, की पोरगी रोज देते... पण त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्याच घटकेपासून संशय नावाची गोष्ट पौर्णिमेच्याही मनात शिरली. ती लागणच असते. भाजी निवडता निवडता ती आठवू लागली. पहिले चार-पाच दिवस गोळीनंतर मामाजींना, सासऱ्यांना, फार मळमळायचं, बिरसोला स्टेशन येईपर्यंत ते खिडकीला डोकं टेकून उमासे काढत बसायचे. मग ते एकाएकी थांबलं आणि किती आनंद झाला होता तिला! पण ते थांबलं कसं? कोणी गोळ्या बदलल्या का? तिनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, तेच होतं. रुख्माबाईनं आणून दिलेला काढा आत्याबाई चोरून पाजत असतील का? आणि मग एक विचार आला... ज्याला ती नोकरी मिळणार, तो तर बोटावर चावी फिरवत उभा होता! छी! स्वतःच्याच मनाची तिला इतकी शरम वाटली, की तिनं विळी बाजूला सारली आणि पदरात तोंड झाकलं.

तेव्हाच तिला पूल आठवला.

गाडीनं बालाघाट सोडलं, की काही मिनिटांतच गर्रा स्टेशनच्या अलीकडे वैनगंगेचा पूल लागतो. डब्यातल्या बाया हात जोडतात, कोणी नदीत नाणं टाकतं. काही दिवसांपासून मामाजींचाही हात तिथं खिडकीबाहेर जायचा, मूठ उघडायची आणि मिटून परत यायची. दर रविवारी विहारात वंदना घेणारा, 'नदीत पैसा टाकून काही होत नाही, बाप्पा' असं उभ्या कॉलनीला सांगणारा माणूस! मरणाच्या भीतीनं भलेभले नवस बोलतात, असं समजून तिनं रोज नजर दुसरीकडे वळवली होती. त्यांना ओशाळं वाटू नये, म्हणून कोणाजवळ बोललीही नव्हती...

आणि मळमळ कधी थांबली होती? हात बाहेर जाऊ लागला, तेव्हाच!

दुसऱ्या दिवशी मैनाबाई गोळ्यांचं पाकीट पदराला बांधून स्वतः निघाल्या. गाडीत त्या दोघांच्या मधोमध बसल्या.

"दोन दोन पोलीस बसवले माह्यावर!" महागू घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुमच्यावर नाही. तिच्यावर," मैनाबाई म्हणाल्या आणि गाडी हलताच त्यांनी आपल्या हातानं गोळी नवऱ्याच्या जिभेवर ठेवली, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. महागूंनी मान हलवली. मग दुपट्टा तोंडाला लावून ते खोकले.

मैनाबाई सुनेकडे रोखून पाहत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही!

पुलाचे लोखंडी खांब खडखडू लागले. महागूंचा उजवा हात खिडकीकडे सरकला... आणि पौर्णिमा उठली, सासूच्या गुडघ्यांवरून झेपावली आणि तिनं ती मूठ दोन्ही हातांनी धरली.

"अवं, काय करतेस! सोड त्याहिले!" मैनाबाई ओरडल्या. डबा वळून पाहू लागला.

"उघडा, मामाजी."

"सोड पोरी... पाया पडतो तुह्या, बोलू नोको," महागू पुटपुटले.

पण दगड फोडणाऱ्या त्या हातात आता जोर कुठला! मूठ उघडली. तळव्याला चिकटलेली, ओली, कडेनं विरघळलेली पांढरी गोळी.

मैनाबाईंचा पदर गळून पडला. "हे... हे काय होय, हेमराजचे बाबा?"

महागूंनी डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळू लागलं. "तीस वर्षं खदानीत घातले, पण पोराले काही देऊ नाही शकलो. एवढी एक नौकरी होती माह्यापाशी... शेकाले तुम्ही जबरदस्तीनं नेता, तिथं मशीनखाली माह्यं काही चालत नाही. गोळी तेवढी माह्या तोंडात होती. मनलं, बारूद वरूनच उडू द्या."

"आणि काल मले घरात काय काय म्हणत होते, ते आयकत पडून राह्यले तुम्ही?" पौर्णिमा म्हणाली. "रविवारी आम्हाले पंचशील कोण सांगते? चौथं शील काय होय, मामाजी?"

महागूंनी मान खाली घातली. "खोटं बोलू नये."

"उकव्याच्या खदानीत माह्या बापाच्या जागेवर माह्या भावाले घेतलं, ठाऊक आहे ना? आज आठ वर्षं झाले. पगाराच्या दिवशी माही माय जेवत नाही! भाऊ मिठाई आणते, ते तशीच राहते. तसा घास माह्या घरात शिजवणार होते तुम्ही? मले नौकरी नोको... मले बाप पाहिजे! एक गेला, आता दुसरा नाही जाऊ देत, बाबा!"

बाबा! लग्नाला सहा वर्षं झाली, पण हा शब्द तिच्या तोंडून आजवर निघाला नव्हता. महागू तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी तीच विरघळती गोळी उचलून तोंडात टाकली, सुनेच्या हातून पाणी घेतलं आणि दुखऱ्या घशातून कसाबसा घोट उतरवला. पूल संपला होता.

डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले. गेलेले शेक काही परत येत नाहीत, म्हणाले. पण आजचा धरून सोळा बाकी आहेत, आणि ते सोळा नीट घ्या. यापेक्षा जास्त कबूल त्यांनी केलं नाही.

घरी हेमराज दारातच उभा होता. आईनं त्याला काही मिनिटांत सारं सांगितलं. तो बापाच्या पायाशी मटकन बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. कितीतरी वेळानं त्यानं पौर्णिमेकडे पाहिलं. "काल मी बोलाले पाहिजे होतो."

"हौ. पाहिजे होते," ती एवढंच म्हणाली आणि आत गेली. ती जखम एका दिवसात भरणारी नव्हती, आणि ते त्यालाही कळलं.

आत मैनाबाई चुलीजवळ पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

"पौर्णिमा..."

"जी, आत्याबाई."

"घसा सुकला वं माहा... पाणी दे मले."

पौर्णिमेनं पेला भरला. मैनाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तळाशी थेंब उरेपर्यंत पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा पुलावर चढली. मैनाबाईंनी आज सुनेच्या शेजारची जागा धरली होती. समोर महागूंनी आ केला, जीभ उचलून दाखवली आणि मळमळीनं पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं हसत हसत दोन्ही तळवे त्या दोघींपुढे उघडले.

रिकामे होते.