दोन इंच

त्रेचाळिसाव्या किकला इंजिन लागलं, तेव्हा नकाशेवाल्यांनी पाना हातात घेऊन अंगणात गिरकीच मारली. जमीनमोजणीच्या कचेरीत तीस वर्षं नकाशे काढल्यामुळे गल्लीत त्यांना हेच नाव पडलं होतं. भंगारातून आणलेली ती मोटरसायकल तीन महिने दर रविवारी त्यांचं रक्त आटवत होती. आधी पेट्रोल गळायचं. ते थांबलं तर प्लगला ठिणगी मिळेना. ठिणगी मिळाली तर क्लचची वायर तुटली.

"अभिनंदन," बायको दारातून म्हणाली. "आता माझं पातेलं द्या. त्यात तुमचं ऑइल आहे."

पण गाडी स्टँडवरून खाली उतरवली आणि तिचा मागचा भाग खाली दबला. त्यांनी मोजपट्टी लावली. मिस्त्रीच्या गॅरेजमधल्या तशाच गाडीपेक्षा हिची सीट बरोबर दोन इंच खाली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी मागचे दोन्ही शॉकअप बदलले. सीट दोन इंच खालीच. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कडक स्प्रिंग घातल्या, बोटं सोलून घेतली. दोन इंच. सूत इकडे नाही की तिकडे नाही.

"एवढ्याने काय बिघडतं?" बायकोने विचारलं.

"चेन ताणली जाते! रिकामी गाडी आहे, पण माणूस बसल्यासारखी वागते."

स्वतःच्याच वाक्यावर ते जरा थबकले. मग चिडून पुन्हा पाना उचलला.

शेवटी हात टेकले आणि मिस्त्रीला घरी बोलावलं. मिस्त्री वाकला, खालून बघितलं, चेन बोटाने हलवली. मग मागच्या सीटवर तळवा दाबला आणि लगेच उचलून पँटला पुसला.

"गाडी उन्हात होती?"

"सकाळपासून सावलीत आहे."

"सीट गरम आहे," मिस्त्री म्हणाला. त्याने हत्यारांची पिशवी उचलली. "गाडीत दोष नाही, साहेब. मापं घेणं सोडा."

चहा टाकला होता, तोही न घेता तो गेला. नकाशेवाल्यांचं डोकंच फिरलं. ह्याला मिस्त्री म्हणायचं? बायको बाजारात गेली होती. त्यांनी घराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि भर दुपारी गाडी रस्त्यावर काढली.

गाडी सुरेख पळाली. पहिल्या वळणावर ते डावीकडे कलले, तेव्हा मागूनही तेवढंच वजन कललं. सवयीच्या माणसासारखं. पुढे कुत्रं आडवं आलं. त्यांनी ब्रेक दाबला आणि पाठीवर काहीतरी सपाट, उबदार येऊन टेकलं.

तीन महिन्यांचा वैताग त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"नीट बसा हो जरा!"

पाठीवरचा भार मागे सरकला.

ते घरापर्यंत वळून न बघता आले. फाटकाशी बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी होती. त्यांनी गाडी थांबवली. त्यांचे दोन्ही पाय अजून जमिनीला टेकायचे होते, तोच मागच्या स्प्रिंग किरकिरल्या आणि सीट वर आली.

त्यांनी मोजपट्टी काढून सीटला लावली. मग पुन्हा एकदा मोजलं.

"बरोबर झाली," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "अगं, माप बरोबर आलं."

बायकोचं गाडीकडे लक्ष नव्हतं. ती घराकडे बघत होती.

"आत कोण आहे?"

"कोण असणार? कुलूप आहे की. किल्ली माझ्याकडे आहे."

"गप्प बसा. ऐका."

आत जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची ओढली गेली. तिच्यावर कोणीतरी बसलं.

मग दुसरी खुर्ची ओढली गेली, पण तिच्यावर कोणी बसलं नाही.

मग, जरा थांबून, तिसरी.